वाचकांचे प्रश्न : मोगऱ्याच्या छाटणीचे दिवस

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये सुवासिक झुडपे आणि वेली यांविषयीची पत्रे सर्वाधिक होती, आणि त्यांतील बहुतेक सातारा व सांगली जिल्ह्यांतील होती. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा संक्रांत नुकतीच उलटलेली असेल. मोगऱ्यासाठी वर्षातले हेच दोन-तीन आठवडे सर्वांत महत्त्वाचे असल्याने या वेळी भाजीपाल्याचे व फळझाडांचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त मोगरा, जाई, जुई आणि त्यांच्या कुळातील प्रश्नांना उत्तरे देत आहे.

आमच्या गच्चीवर बारा इंची कुंडीत मोगरा आहे. तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून आणला तेव्हा तो कळ्यांनी लगडलेला होता. त्यानंतर पाने हिरवीगार आहेत, वाढही भरपूर आहे, पण उन्हाळ्यात जेमतेम पाच-दहा फुले येतात. मी रोज पाणी देते आणि दर पंधरा दिवसांनी खत घालते. काय चुकते आहे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

आपला मोगरा निरोगी आहे. त्याला गेली तीन वर्षे विश्रांती आणि छाटणी या दोन गोष्टी मिळालेल्या नाहीत, एवढेच त्याचे दुखणे आहे.

मोगऱ्याची कळी जुन्या, तपकिरी पडलेल्या फांदीवर येत नाही. त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्याच्या टोकाशी ती येते, आणि बहुधा तीन-तीन कळ्यांच्या झुबक्यात येते. मधली कळी आधी फुलते, बाजूच्या दोन मागून. याचा सरळ अर्थ असा, की झुडपावर जितके नवे धुमारे, तितके कळ्यांचे झुबके. न छाटलेले झुडूप मात्र फक्त शेंड्याकडून वाढत जाते, खालचे डोळे झोपून राहतात, आणि तीन वर्षांत आपल्या हाती लांब काठ्या व त्यांच्या टोकाला थोडी पाने एवढेच उरते. त्यात दर पंधरवड्याला नत्र असलेले खत मिळत राहिले, की झाडाचा सगळा जोर पानांकडे जातो.

उपाय आजपासून सुरू करता येईल. प्रथम पाणी तोडावे. जमिनीतल्या मोगऱ्याला, विशेषतः काळ्या मातीत, तीन-चार आठवड्यांचा ताण सोसतो. कुंडीतल्या मोगऱ्याला आठ ते बारा दिवस पुरे होतात. पाने मलूल होऊन फिकट पडू लागली, की ताण बसला असे समजावे. मात्र कोवळ्या फांद्यांची साल सुरकुतण्यापर्यंत थांबू नये. मग धारदार सिकेटर घेऊन सगळे झुडूप निम्म्यावर आणावे. जमिनीतले जुने झुडूप असेल तर दीड फुटाच्या उंचीवर छाटायला हरकत नाही. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या बुंध्यापासून काढाव्यात आणि उरलेली पाने हाताने उतरवावीत. छाटलेले झुडूप पाहून जीव हळहळतो, हे मला ठाऊक आहे. साताऱ्यातील आमच्या परसदारी आईने लावलेला मोगरा आहे, आणि तो छाटायला माझा हात कित्येक वर्षे धजत नव्हता. ज्या वर्षी तो प्रथम गुडघ्याएवढा केला, त्या चैत्रात देव्हाऱ्यात वाहूनही ओंजळभर कळ्या रोज उरत असत.

तीन वर्षे एकाच कुंडीत असलेल्या झाडाची मुळे आता कुंडीच्या भिंतीला वेढे घालून बसली असणार. छाटणी करतानाच ते मातीच्या गड्ड्यासह बाहेर काढावे, गड्ड्याचा बाहेरचा दोन बोटे जाडीचा थर मुळांसकट तासून टाकावा आणि चौदा इंची कुंडीत नव्या मातीत लावावे. सांगलीकडची काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत ती वाळली की आक्रसते, कडेने भेग पडते आणि घातलेले पाणी मुळांना न भिजवता भेगेतून खाली निघून जाते. म्हणून दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचा चुरा मिसळावा. लावल्यावर तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे, आणि पुढे वरची दोन बोटे माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. धुमारे फुटेपर्यंत पाने नसल्याने झाडाला पाणी कमीच लागते. रोजच्या सवयीने पाणी घालत राहिल्यास ऐन वेळी मुळे कुजतात.

दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतील आणि मार्चच्या मध्यापासून कळ्या दिसू लागतील. पहिला बहर ओसरला, की प्रत्येक झुबक्याच्या खाली पानांच्या दोन जोड्या सोडून शेंडा खुडावा. त्या जागी दोन नवे फुटवे येतात आणि साधारण महिनाभराने पुन्हा कळ्या धरतात. असे पाऊस लागेपर्यंत दोन-तीन वेळा करता येते. युरिया मात्र या काळात हाताशीही ठेवू नये. आपली कुंडी पाण्याच्या टाकीच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या सावलीत येत नाही ना, हेही एकदा दिवसभर लक्ष ठेवून पाहावे. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर वर सांगितलेले सगळे करूनही फुले बेताचीच येतील.

आमची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेच्या दहा गुंठ्यांत मोगरा लावावा असा विचार आहे. द्राक्षाला आम्ही एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घेतो. मोगऱ्यालाही तशाच दोन छाटण्या चालतील का? ठिबक, मजूर सर्व उपलब्ध आहे.
— एक शेतकरी, तासगाव तालुका

तासगावच्या शेतकऱ्याला छाटणीची कला शिकवण्याची गरज नाही, परंतु द्राक्षाचे वेळापत्रक मोगऱ्याला लावणे चुकीचे ठरेल, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. द्राक्षात घडाची सुरुवात खरडछाटणीनंतर वाढलेल्या काडीच्या डोळ्यात आधीच झालेली असते. ऑक्टोबरची छाटणी त्या तयार डोळ्याला जागे करते. म्हणून द्राक्षाला एक छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि दुसरी फळ काढण्यासाठी लागते. मोगऱ्यात डोळ्यात काही साठवलेले नसते. डोळा फुटतो, धुमारा वाढतो आणि त्याच धुमाऱ्यावर कळी धरते. त्यासाठी त्याला वाढती उष्णता हवी असते. ऑक्टोबरमध्ये छाटलेला मोगरा थंडीच्या तोंडावर कोवळी फूट काढतो, ती फूट आखडून राहते आणि झाडाचा साठा वाया जातो. तेव्हा मोठी छाटणी एकच, आणि ती ताण दिल्यानंतर जानेवारीत. दहा गुंठे असल्याने ती तीन तुकड्यांत, आठ-आठ दिवसांच्या अंतराने घेतलीत, तर सगळी फुले एकदम तोडणीला येणार नाहीत. बाजाराच्या दृष्टीने हे फार उपयोगी पडते.

पाच फूट बाय पाच फूट अंतरावर गुंठ्याला सुमारे ४३, म्हणजे दहा गुंठ्यांना सव्वाचारशे ते साडेचारशे रोपे बसतात. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. लेंडीखत मिळत असेल तर ते अवश्य वापरावे. माण-आटपाडीकडच्या मेंढ्यांची बसवणी करून घेता आली, म्हणजे त्यांचा कळप रात्री शेतात बसवता आला, तर त्याहून चांगले. आच्छादनाला उसाचे पाचट उत्तम. साखर कारखान्याची मळी आणणार असाल तर ती ताजी टाकू नये, कारण कुजताना ती तापते आणि कोवळी मुळे भाजते. तीन-चार महिने ढीग लावून, मध्ये एकदोनदा उलथून, थंड झाल्यावरच वापरावी.

आता दोन गोष्टी थोड्या स्पष्टपणे लिहितो. पहिली फवारणीची. आपल्या भागात द्राक्षावर हंगामात किती वेळा फवारणी होते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. बागेच्या कडेच्या मोगऱ्यावर त्या फवाऱ्याचे तुषार येणार, आणि ती फुले धुतली जात नाहीत. ती थेट देवावर, केसांत आणि लहान मुलींच्या हातांत जातात. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून मोगरा वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावावा आणि मध्ये शेवरीची किंवा तत्सम दाट पट्टी ठेवावी. शेजारी ऊस असेल तर तणनाशकाचा प्रश्नही येतो. उसातील रुंद पानांच्या तणांवर मारल्या जाणाऱ्या टू-फोर-डी या औषधाच्या वाऱ्यावर आलेल्या तुषारांनी द्राक्षाची पाने कशी पंख्यासारखी आखडतात, हे आपण पाहिले असेल. मोगऱ्याचीही कोवळी फूट त्याने वेडीवाकडी होते.

दुसरी गोष्ट तोडणीची. मोगरा कळी असतानाच विकला जातो. आज संध्याकाळी जी उमलणार आहे, तीच पूर्ण वाढलेली, पांढरीशुभ्र, टपोरी कळी आज पहाटे तोडायची असते. हिरवट झाक असलेली कळी तोडली तर ती उमलत नाही आणि तिला वासही येत नाही. किलोभर वजन भरायला हजारो कळ्या लागतात. ऐन मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा आपल्याकडे द्राक्षाची काढणी आणि बेदाण्याची धांदल चालू असते, नेमकी तेव्हाच दररोज पहाटे मोगऱ्याला माणसे लागतील. मजूर उपलब्ध आहेत असे आपण लिहिले आहे, तरी त्या दोन महिन्यांत पहाटे पाच वाजता ते उपलब्ध असतील का, हा प्रश्न घरात बसून नीट सोडवावा आणि मगच रोपे सांगावीत. माझे मत विचारलेत तर पहिल्या वर्षी दोनच गुंठे लावा. सांगली-मिरजेतील गजरेवाल्यांशी रोजचा व्यवहार बसतो का ते पाहा आणि त्याच झाडांची कलमे करून पुढील वर्षी क्षेत्र वाढवा.

मोगऱ्याची शेंड्याकडची पाने पिवळी पडली आहेत, फक्त शिरा हिरव्या दिसतात. पाणी बोअरचे आहे. कुंडीच्या कडांवर पांढरा थर धरतो. चुलीतली राख खत म्हणून घालतो, तरी फरक नाही.
— एक वाचक, जत

राख ताबडतोब बंद करावी. राखेत पालाश असते हे खरे, आणि आम्लधर्मी जमिनीत ती उपकारक ठरते, हेही खरे. परंतु जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, किंवा साताऱ्यातील माण-खटाव या पट्ट्यातील जमीन मुळात चुनखडीची, बोअरचे पाणी जड आणि मचूळ. त्यात अल्कधर्मी राख पडली की दुखणे वाढते. कुंडीच्या कडेचा पांढरा थर हा त्या पाण्यातील क्षारांचाच आहे.

अशा मातीत लोह असते, पण ते अशा रूपात अडकून बसते की मुळांना घेता येत नाही. लोह झाडात जुन्या पानांकडून नव्या पानांकडे सहज सरकत नसल्याने प्रथम शेंड्याची पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. आपण केलेले वर्णन नेमके हेच आहे. नत्र कमी पडले असते तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होऊन पान सगळेच पिवळे झाले असते. पाणी जास्त झाले असते तर खालची पाने पिवळी पडून गळाली असती आणि मातीला आंबूस वास आला असता.

किराणा दुकानात किंवा कृषी सेवा केंद्रात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार (फेरस सल्फेट), मिळते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यात अर्धे लिंबू पिळून, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. द्रावण ताजेच वापरावे. ठेवले तर ते तांबूस होते आणि निरुपयोगी ठरते. दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या कराव्यात. फरशीवर किंवा चुन्याच्या भिंतीवर शिंतोडे उडाल्यास गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून कुंडी अंगणात नेऊन फवारावी. कायमचा उपाय पाण्याचा आहे. पत्र्यावरचे किंवा गच्चीवरचे पावसाचे पाणी दोन-चार पिंपे साठवता आले तर ते मोगऱ्यासाठी राखून ठेवावे, आणि महिन्यातून एकदा त्या पाण्याने कुंडी अशी भिजवावी की तळातून भरपूर पाणी वाहून जाऊन साठलेले क्षारही त्याबरोबर निघतील. मातीत कुजलेले शेणखत वाढवल्यानेही लोह मोकळे होण्यास मदत होते. आपल्या तालुक्यात पिण्याच्या पाण्याचीच वानवा असते, याची जाणीव ठेवून हे लिहीत आहे. म्हणून दहा कुंड्यांपेक्षा एक मोगरा जमिनीत, न्हाणीच्या मोरीपासून दूर, आच्छादन घालून लावणे हेच आपल्याकडे अधिक बरे.

जाई आणि जुई यांत फरक काय? नर्सरीतून जुई म्हणून आणलेला वेल जाई आहे असे शेजारच्या काकू म्हणतात.
— एक विद्यार्थिनी, सातारा शहर

हा प्रश्न पानांवरून चुटकीसरशी सुटतो, फुलांची वाट पाहावी लागत नाही. जाईचे पान संयुक्त असते: एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक पर्णिका, अशा मिळून बहुधा सात किंवा नऊ. जुईच्या देठावर मात्र एकच ठसठशीत पान दिसते आणि त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळ्यांसारखी दोन इवलीशी पाने असतात, कधी तीही नसतात. जुईच्या शास्त्रीय नावातील ‘ऑरिक्युलेटम’ या शब्दाचा अर्थच ‘कान असलेली’ असा आहे. कळ्या आल्यावर दुसरी खूण मिळते. जाईच्या कळीवर बाहेरून गुलाबी-जांभळट छटा असते आणि फूल मोठे, पाच पाकळ्यांचे असते. जुईची कळी नाजूक, पांढरी आणि फूल जाईच्या निम्म्याने. हिंदीत जिला चमेली म्हणतात ती बहुधा आपली जाईच, त्यामुळे नर्सरीत चमेली आणि जाई असे दोन वेल दोन किमतींना दाखवले तर पाने जुळवून पाहावीत. सायली हे नाव प्रत्येक गावी एकाच वेलाला लावले जात नाही, म्हणून त्याविषयी पान पाहिल्याशिवाय काही सांगणे योग्य नव्हे.

नावांचा प्रवासही गोड आहे. संस्कृत जातीची जाई झाली, यूथिकेची जुई झाली. आपल्या अंगणात जागा असेल तर दोन्ही ठेवा. मोगरा उन्हाळा सांभाळतो, जुई पावसाबरोबर बहरते, जाई आषाढ-श्रावणापासून दिवाळीपर्यंत साथ देते आणि थंडीत कुंदा फुलतो. चार झाडांत वर्षभर घरात फूल असते. जाई-जुईची छाटणीही याच दिवसांत करावी, मात्र मोगऱ्याइतकी खाली नको. मुख्य वेल मांडवावर कायम ठेवून बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणाव्यात.

कळ्या मोठ्या होण्याआधीच जांभळट पडून गळतात. काहींना बारीक भोक दिसते. कोणते औषध मारावे?
— एक वाचक, कराड

आपण दोन वेगवेगळ्या किडींचे वर्णन केले आहे. भोक पडलेल्या कळीत हिरवट अळी असते. ती एका झुबक्यातल्या कळ्या रेशमी धाग्याने एकत्र गुंतवून एकामागून एक पोखरते. भोक नसलेली, पण बुडाशी सुजलेली आणि जांभळट होऊन खुरटलेली कळी बहुधा कळीमाशीची असते. डासाहूनही लहान असलेल्या या माशीच्या अळ्या कळीच्या देठाशी राहतात आणि पुढे खाली पडून मातीत कोष करतात. म्हणून औषधापूर्वी केरसुणी हाती घ्यावी. गळालेल्या आणि झाडावरच्या रोगट कळ्या रोज गोळा करून जाळाव्यात किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत उन्हात ठेवाव्यात. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. आळ्यातील माती आठवड्यातून एकदा दोन-तीन बोटे खोल उकरून उन्हाला उघडी करावी. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क आठ-दहा दिवसांच्या अंतराने, संध्याकाळी, कळ्या तोडून झाल्यावर फवारावा. घरच्या दोन-चार झाडांना याहून जहाल औषधाची गरज मला वाटत नाही.

उमललेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी-जांभळे दिसू लागले तर ते केवळ शिळे झाले आहे, तो रोग नव्हे. आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात पानांवर पिवळे ठिपके व मागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी; त्याला पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि तरीही आटोक्यात न आल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात सूर्य कलल्यावर फवारावे. निंबोळी तेल फवारले असेल तर त्यानंतर किमान पंधरा दिवस गंधक वापरू नये, पाने करपतात.

जाईचा मांडव दारात आहे. सुवासाने साप येतात म्हणून सासूबाई तो काढायला सांगतात.
— एक वाचक, वाई

सुवासामुळे साप येत नाहीत. साप येतो तो उंदीर, बेडूक, पाली यांच्या मागे, आणि थंड, ओलसर, दाट आडोसा मिळतो म्हणून. जुन्या, न छाटलेल्या वेलाखाली नेमका असाच आडोसा तयार होतो, त्यामुळे सासूबाईंची काळजी अगदीच निराधार नाही. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच्या सर्व फांद्या काढून बुंधा उघडा ठेवावा, खाली पालापाचोळा, विटा, कुंड्या, जळण काही साठवू नये, आणि दारात रात्री दिवा असावा. रात्रीच्या वेळी फुले वेचायला जाताना विजेरी न्यावी. एवढे केल्यावर मांडव राहू द्यावा, असे सासूबाईंना माझ्या वतीने अवश्य सांगावे.

येथे मोगरा टिकत नाही. जंगलात एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या फुलांचा रानटी मोगरा फुलतो, तो काढून आणून लावला तर चालेल का?
— एक वाचक, पाचगणी

पाचगणी-महाबळेश्वरला मोगऱ्याला दोन्ही बाजूंनी त्रास होतो: पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नाही, आणि हिवाळ्यात थंडी. मोठ्या कुंडीत लावून जूनमध्ये पागोळीच्या आत घेता येत असेल तरच मोगऱ्याचा हट्ट धरावा. एरवी कुंदा आणि जाई आपल्याकडे अधिक समाधान देतील.

आपण पाहता तो वेल म्हणजे कुसर, काही जण त्याला रानजाई म्हणतात. हृदयाच्या आकाराची पाने, अरुंद पाकळ्यांची पांढरी फुले, आणि ऐन वैशाखात करवंदीच्या जाळीवर चढून तो अख्खी जाळी पांढरी करतो. तो जंगलातून काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक तर वनक्षेत्रातून रोप उपटणे हा गुन्हा आहे. दुसरे, वाढलेल्या वेलाची मुळे खडकाच्या फटींतून दूरवर गेलेली असतात. उपटलेला वेल जवळजवळ नेहमी मरतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात आपला कास आहे, कोयना आहे, चांदोली आहे. त्या डोंगरांची ओळख फक्त सप्टेंबरमधल्या गालिच्याची नाही, कुसरीसारख्या वेलांचीही आहे. आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाजगी बांधावर कुसर असेल तर त्याच्या परवानगीने पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-सहा फांद्या आणाव्यात आणि त्यांची कलमे करावीत.

आमचा जुना वाडा मार्चमध्ये पाडणार आहेत. परसात आजीच्या हातचा बटमोगरा आहे. त्याचे रोप कोठेही मिळेल असे सगळे म्हणतात, पण मला तोच हवा आहे. पावसाळ्यापर्यंत थांबता येत नाही.
— एक वाचक, सांगली, गावभाग

आपले म्हणणे बागकामाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. घरोघरचा मोगरा सहसा बी धरत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात फांदीनेच गेलेला असतो. त्यामुळे आपण फांदीपासून केलेले रोप हे आजीच्या मोगऱ्यासारखे दुसरे झाड नसेल, ते आजीचेच झाड असेल.

कलमांचा उत्तम काळ पावसाळ्याचा, हे खरे, पण आपल्या हाती दोन महिने आहेत आणि ते पुरतील. या आठवड्यात झुडूप दीड फुटावर छाटावे. छाटलेल्या फांद्या फेकू नयेत. त्यांतील पेन्सिलीएवढ्या, ना अगदी कोवळ्या ना अगदी जून, अशा फांद्यांचे तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा, वरचा सरळ, म्हणजे उलटी लागण होत नाही. मुळे फुटण्याची भुकटी मिळाल्यास लावावी. वाळू आणि कोकोपीट निम्मे-निम्मे भरलेल्या पिशव्यांत दोन डोळे मातीत जातील असे तुकडे रोवून, सावलीत, वरून पारदर्शक प्लास्टिक झाकून ठेवावेत. अजून रात्री गार असल्याने मुळे फुटायला दीड-दोन महिने लागतील. किमान वीस-पंचवीस तुकडे लावावेत, कारण या दिवसांत सगळे जगत नाहीत. पाने फुटली म्हणजे मुळे आली असे नव्हे. फांदीतल्या साठ्यावरही पाने फुटतात. म्हणून ओढून पाहू नये.

त्याच वेळी मूळ झुडपाचीही तयारी करावी. बुंध्यापासून एक फुटावर चारही बाजूंनी फावड्याने दीड फूट खोल चर घ्यावा, त्यात येणारी मुळे स्वच्छ कापावीत आणि चर वाळू व शेणखताने भरून टाकावा. तीन आठवड्यांत कापलेल्या टोकांशी बारीक नवी मुळे येतात, आणि झाड हलवल्यावर तीच त्याला जगवतात. फेब्रुवारीच्या मध्यात, उन्हाची तिरीप वाढण्यापूर्वी, संध्याकाळी गड्डा खालून कापून अखंड उचलावा, ओल्या गोणपाटात करकचून बांधावा आणि त्याच रात्री नव्या जागी, आधी खणून ठेवलेल्या खड्ड्यात, पूर्वी होता त्याच खोलीवर लावावा. पहिले पंधरा दिवस वर सावली करावी आणि या वर्षी येणाऱ्या कळ्या खुडून टाकाव्यात. नदीकाठच्या भागातच पुन्हा लावणार असाल तर उंच ओटा करून लावा. पुराचे पाणी काही दिवस मुळांशी तुंबले की मोगरा गुदमरतो, हे आपल्याकडे २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाहिले आहे. कलमांपैकी दोन-तीन रोपे पावसाळ्यात नात्यातल्या दोन वेगळ्या घरी, शक्यतो एखादे उंचावरच्या वस्तीत, लावायला द्यावीत.